उत्तर देण्याची जुनी रीत

मराठी बोलण्यात ‘वाद’ हा शब्द आला की त्याच्यामागून ‘घालणे’ हे क्रियापद बहुधा येतेच. बांधाचा वाद, भाऊबंदकीचा वाद, सीमेचा वाद अशी त्याची नेहमीची सोयरीक आहे. आणि घरातील वडीलधारे माणूस ‘वाद पुरे’ म्हणते तेव्हा त्याला ‘भांडण पुरे’ असेच म्हणायचे असते. कोणी उगाच शब्दाला शब्द वाढवू लागला तर तो ‘वितंडवाद’ करतो असे म्हणतात. वाद वाईट आणि वितंडवाद त्याहून वाईट, एवढाच भेद रोजच्या भाषेने शिल्लक ठेवला आहे. ज्या शास्त्रकारांनी हे दोन शब्द काटेकोरपणे योजले, त्यांना हे ऐकून नवल वाटले असते. त्यांच्या लेखी वाद हे दोन माणसांनी मिळून करावयाचे एक सत्कार्य होते, वितंडा ही त्या कार्याची मोडतोड होती, आणि ह्या दोहोंच्या मध्ये ‘जल्प’ नावाचा तिसरा प्रकार होता.

विचारलेल्या प्रश्नाला उपयोगी पडेल असे उत्तर कसे द्यावे, दुसऱ्याचे म्हणणे कसे ऐकावे, आपली चूक झाली असता काय करावे, ह्या गोष्टींचा विचार ह्या देशात फार प्राचीन काळापासून झालेला आहे. वैद्य, भिक्षू आणि नैयायिक अशा तीन निराळ्या मंडळींनी तो आपापल्या गरजेप्रमाणे केला. त्या विचाराचा इतिहास पाहिला म्हणजे ‘वाद’ हा शब्द केवढ्या उंचीवरून खाली आला हे कळते. आणि ती उंची सांभाळणे त्या काळीही किती अवघड होते, हेही कळते.

प्रथम वैद्यांकडे वळावे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठवा अध्याय आहे. त्यात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने शास्त्र कसे निवडावे, गुरू कसा पारखावा, अध्ययन कसे करावे हे सांगितल्यावर ‘तद्विद्यसंभाषा’ हा विषय येतो. तद्विद्य म्हणजे ती विद्या जाणणारा. एका वैद्याने दुसऱ्या वैद्याशी केलेले संभाषण ते तद्विद्यसंभाषा. तिचे लाभ ग्रंथकाराने एकामागून एक सांगितले आहेत. ज्ञान वाढते, बोलण्याचे सामर्थ्य येते, पूर्वी ऐकलेल्या गोष्टींविषयीचा संशय फिटतो, न ऐकलेले काही कानावर पडते. गुरूने प्रसन्न होऊन शिष्याला क्रमाक्रमाने सांगितलेली गुह्य गोष्टही चर्चेच्या भरात एखादा विद्वान बोलून जातो, हा तर मोठ्या अनुभवी माणसाने टिपलेला लाभ आहे. ह्याच संहितेत अन्यत्र प्रत्येक गोष्टीतील श्रेष्ठ वस्तूंची एक लांबलचक यादी आली आहे. त्या यादीत बुद्धी वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये अग्रमान मिळाला आहे तो ह्या तद्विद्यसंभाषेलाच.

हे संभाषण दोन प्रकारचे असते असे चरक सांगतो. स्नेहाने होणारी ती संधाय संभाषा आणि विरोधाने होणारी ती विगृह्य संभाषा. स्नेहाची चर्चा कोणाशी करावी? जो ज्ञानी आहे, ज्याला बोलता आणि उत्तर देता येते, जो रागीट नाही, मत्सरी नाही, ज्याला समजूत पटते आणि दुसऱ्याची समजूत घालता येते, जो कष्ट सोसतो आणि गोड बोलतो, अशाशी. अशा माणसाला निःशंकपणे विचारावे, आणि त्याने विचारले तर आपल्यास माहीत आहे ते स्पष्ट करून सांगावे. आपण हरू की काय ह्या भयाने अस्वस्थ होऊ नये. जिंकल्यास हर्ष मानू नये, इतरांत जाऊन फुशारकी मारू नये. एका बाजूला हट्टाने चिकटून राहू नये. आणि दुसऱ्यास जे ठाऊक नाही, ते त्याच्यापुढे नाचवू नये. वैद्यकाच्या ग्रंथाने हा उपदेश करावा ह्याला कारण आहे. दोन वैद्यांच्या अहंकारात तिसऱ्याच माणसाचा जीव अडकलेला असतो.

संहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात अशा चर्चेचे एक चित्रच आले आहे. ऋषी जमले आहेत, आणि काशीचा राजा वामक त्यांना प्रश्न करतो: ज्यापासून पुरुष उत्पन्न होतो, त्यापासूनच त्याचे रोगही उत्पन्न होतात की नाही? एकामागून एक नऊ जण बोलतात. पारीक्षि मौद्गल्य म्हणतो, सर्वाचे मूळ आत्मा आहे. शरलोमा म्हणतो, तसे कसे असेल? आत्म्याला दुःखाचा द्वेष आहे, तो आपल्याला दुःखाशी कशाला जोडून घेईल? मूळ आहे ते मन. पुढे एक जण आईबाप हे मूळ मानतो; त्यावर भद्रकाप्य विचारतो की, आंधळ्याचे मूल आंधळे निपजत नाही त्याची वाट काय? म्हणून मूळ कर्मात आहे. कोणी स्वभाव पुढे करतो, कोणी प्रजापती. शेवटी भिक्षू आत्रेय म्हणतो की, प्रजेचे हित चिंतणारा प्रजापती आपल्या लेकरांना दुःख का देईल? सर्वाचे कारण काळ आहे.

ह्या चर्चेत मूर्ख कोणी नाही. प्रत्येकाने आधीच्याचे बोलणे नीट ऐकले आहे, त्यातील दोष नेमका दाखविला आहे आणि मग आपले मत मांडले आहे. तरीही गुरू पुनर्वसू आत्रेय त्यांना थांबवितो. तो म्हणतो की, असा वादावर वाद रचू नका. एकेका पक्षाला धरून बसलेले लोक तेलाच्या घाण्यावर फिरणाऱ्यासारखे फिरत राहतात आणि पोहोचत कोठेच नाहीत. त्यांचे चुकले कोठे? प्रत्येकाने शेजाऱ्याला उत्तर दिले, आणि राजाचा मूळ प्रश्न मध्येच पडून राहिला. आत्रेय त्या प्रश्नाकडे परत जातो. ज्या भावांचा योग्य मेळ जमला असता पुरुष निर्माण होतो, त्यांचाच मेळ बिघडला असता नाना रोग होतात, असे त्याचे उत्तर आहे. लगेच राजाला पुढचा प्रश्न सुचतो, मग शिष्य अग्निवेश आणखी विचारतो, आणि बोलणे हितकर आहाराच्या लक्षणावर येते. तांबडी साळ, मूग, पावसाचे पाणी अशा रोजच्या पदार्थांपर्यंत ते येऊन पोहोचते. आधीच्या नऊ उत्तरांनी एकमेकांना मागे ढकलले होते. दहाव्या उत्तराने प्रश्नाला पुढची वाट करून दिली. उत्तर उपयोगी की निरुपयोगी हे ओळखण्याची ह्याहून सोपी खूण सांगता येणार नाही.

परंतु उत्तर देणाऱ्याला मोकळेपणा नसेल तर असली चर्चा होणारच नाही. हा मुद्दा भिक्षूंनी पाहिला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पंजाबात मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. त्याची राजधानी सागल ही आजच्या पाकिस्तानातील सियालकोट होय असे मानतात. पाली वाङ्मयात तो मिलिंद ह्या नावाने अमर झाला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ ह्या ग्रंथात तो भिक्षू नागसेनाला चर्चेचे आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन एक अट घालतो. राजाने पंडितांच्या रीतीने बोलणार असलास तर मी बोलेन, राजांच्या रीतीने बोलणार असलास तर बोलणार नाही, असे तो सांगतो. ह्या दोन रीतींत भेद कोणता, असे राजा विचारतो. पंडितांच्या बोलण्यात गाठी पडतात आणि सुटतात, खंडन होते, चूक दाखविली जाते, चूक कबूल केली जाते, आणि ह्यापैकी कशानेही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक बाजू घेतात आणि जो ती मानीत नाही त्याला दंड करा म्हणून फर्मावतात. मिलिंद ही अट मान्य करतो. एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी, नाहीतर विहारातील सेवकाशी बोलावे तसे भदंतांनी माझ्याशी निर्भयपणे बोलावे, असे आश्वासन तो देतो. त्यानंतरच त्या ग्रंथातील खरी प्रश्नोत्तरे सुरू होतात.

नागसेनाची अट किती महत्त्वाची होती, हे पुढे सुमारे आठशे वर्षांनी कनोजला दिसून आले. इसवी सन ६४३ मध्ये सम्राट हर्षाने चिनी यात्रिक ह्युएनत्संग ह्याच्या सन्मानार्थ तेथे मोठी धर्मसभा भरविली. ह्युएनत्संगाचा पक्ष मांडला गेला आणि कोणालाही त्याचे खंडन करण्याची मुभा देण्यात आली. पण पाहुण्याच्या जिवाला अपाय करण्याचा कट असल्याचे कानी येताच हर्षाने ताकीद दिली: जो त्याला इजा करील त्याचा शिरच्छेद होईल, आणि जो त्याच्याविरुद्ध बोलेल त्याची जीभ कापली जाईल, त्याच्या उपदेशाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र भिऊ नये. ह्युएनत्संगाच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात हा वृत्तांत आहे. अठरा दिवस लोटले, वादाला कोणी उभा राहिला नाही, आणि ह्युएनत्संग विजयी ठरला. हर्ष हा उदार राजा होता आणि ह्युएनत्संग हा खरोखरच थोर पंडित होता. परंतु त्या अठरा दिवसांतील शांततेवरून त्याचा पक्ष खरा होता की खोटा, हे आज कोणालाच सांगता येत नाही. राजवादाचा तोटा तो हा. त्यात हरलेल्याचे नुकसान होतेच, पण जिंकणाऱ्यालाही आपण का जिंकलो हे कळत नाही.

वैद्यांनी वादाचा हेतू सांगितला, भिक्षूंनी त्याची अट सांगितली. त्याचे कायदे बांधले ते नैयायिकांनी. गौतमाची न्यायसूत्रे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाली. त्यांत कथेचे, म्हणजे दोघांच्या चर्चेचे, तीन प्रकार केले आहेत. प्रमाण आणि तर्क ह्यांच्या आधाराने दोन बाजूंनी सत्याचा शोध घेणे हा वाद. जिंकण्याच्या इच्छेने, छल आणि खोटी उत्तरे ह्यांचाही उपयोग करून, आपला पक्ष रेटणे हा जल्प. आणि स्वतःचा पक्ष काही न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडीत राहणे ही वितंडा. वाद कोणाबरोबर करावा तेही सूत्रकाराने सांगून ठेविले आहे. शिष्य, गुरू, सहाध्यायी, अधिकारी पुरुष आणि कल्याणेच्छू माणसे ह्यांच्याशी, आणि त्यांच्या मनात असूया नसेल तेव्हा.

छलाचे तीन प्रकार न्यायशास्त्रात आहेत आणि त्यांची उदाहरणे आजही ताजी वाटतात. एखादा म्हणतो, ह्या मुलाचे कांबळे ‘नव’ आहे. त्याला म्हणायचे असते की कांबळे नवे आहे. ऐकणारा म्हणतो, ह्याच्याजवळ एकच कांबळे दिसते, नऊ कोठे आहेत? बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ उघड असताना शब्दाचा दुसरा अर्थ धरून त्याला खोटे पाडणे हा वाक्छल झाला. दुसरे उदाहरण शेतातील मचाणाचे आहे. ‘मचाणे ओरडत आहेत’ असे कोणी म्हटले म्हणजे मचाणांवर बसलेले राखणदार ओरडत आहेत, हे कोणालाही समजते. त्यावर, लाकडे कधी ओरडतात काय, असे विचारणारा उपचारछल करतो. तिसऱ्या प्रकारात एखाद्याने एका प्रसंगापुरते केलेले विधान ताणून सर्वांना लावले जाते आणि मग ते चुकीचे ठरविले जाते. असल्या उत्तरांनी सभेत हशा पिकतो. पण कांबळे नवे होते की जुने, हे अखेरपर्यंत ठरत नाही.

ह्याहूनही उद्बोधक आहे ती निग्रहस्थानांची यादी. निग्रहस्थान म्हणजे जेथे बोलणारा अडकला, जेथे त्याचा पराजय झाला असे सभेने समजावे, ती जागा. अशी बावीस स्थाने गौतमाने मोजली आहेत. विषय सोडून भलत्याच गोष्टीवर बोलत राहणे हे ‘अर्थांतर’. काही प्रयोजन नसताना तेच तेच पुन्हा सांगणे हे ‘पुनरुक्त’. गरजेपेक्षा अधिक कारणे आणि उदाहरणे ओतणे हाही दोषच. त्याला ‘अधिक’ असे साधे नाव आहे. वाद अंगावर आला असे दिसताच, मला जरा काम आहे, ते उरकून मग बोलेन, म्हणून निघून जाणे हा ‘विक्षेप’. आपल्यावर आलेला दोष दूर न करता ‘तुझ्या पक्षातही हाच दोष आहे’ असे म्हणणे ही ‘मतानुज्ञा’. कारण असे म्हणणाऱ्याने आपल्या पक्षातील दोष त्याच दमात कबूल केलेला असतो. जेथे दोष नाही तेथे दोष लावणे हे जसे निग्रहस्थान आहे, तसेच जेथे दोष आहे तेथे तो न दाखविता गप्प बसणे हेही आहे.

ह्या बाविसांतील दोन स्थाने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. वक्त्याने एक गोष्ट तीन वेळा सांगूनही ती सभेला आणि प्रतिपक्षाला कळली नाही, तर दोष वक्त्याचा. त्याला ‘अविज्ञातार्थ’ म्हणतात. परंतु वक्त्याने तीन वेळा सांगितले, सभेला ते कळले, आणि तरीही प्रतिपक्षाला ते उलट म्हणून दाखविता आले नाही, तर दोष प्रतिपक्षाचा. त्याला ‘अननुभाषण’ म्हणतात. म्हणजे बोलणाऱ्याने समजेल असे बोलावे, आणि उत्तर देणाऱ्याने उत्तर देण्यापूर्वी, समोरचा काय म्हणाला हे आपल्या तोंडाने सांगून दाखवावे. ज्याला दुसऱ्याचे म्हणणे सांगता येत नाही, त्याला त्याचे खंडन करण्याचा अधिकार नाही. संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, मग सिद्धांत अशी जी मांडणी दिसते, तिच्या मुळाशी हीच शिस्त आहे.

ही शिस्त सर्वांनी सदैव पाळली असे समजणे मात्र भाबडेपणाचे होईल. राजसभेतील वादावर मान, दान आणि कधी कधी संप्रदायाचे भवितव्यही अवलंबून असे. ज्या चरकसंहितेने जिंकल्यावर हर्ष मानू नये असे सांगितले, तीच संहिता त्याच अध्यायात विरोधी वैद्याला चटकन कसे नामोहरम करावे हेही शिकविते. कमी शिकलेला असेल तर त्याच्यापुढे लांबच लांब सूत्रपाठ म्हणावा, समज कमी असेल तर कठीण शब्दांची वाक्ये फेकावी. मात्र हे शिकवितानाच, क्रोधाने पेटलेला माणूस वाटेल ते करतो आणि वाटेल ते बोलतो, म्हणून भांडणाची चर्चा टोकाला नेऊ नये, असा इशारा तिने दिला आहे. न्यायसूत्रांनीही जल्प आणि वितंडा ह्यांना एक जागा ठेवली. कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी काट्यांचे कुंपण घालतात, तसा सत्याच्या रक्षणासाठी ह्यांचा उपयोग करावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

ह्या कुंपणाला सातव्या शतकाच्या सुमारास बौद्ध पंडित धर्मकीर्ती ह्याने हरकत घेतली. त्याचा ‘वादन्याय’ हा ग्रंथ भारतात लुप्त झाला होता. त्याची संस्कृत पोथी विसाव्या शतकात राहुल सांकृत्यायनांना तिबेटात मिळाली. सत्याच्या रक्षणासाठी छल चालत असेल, तर त्याच न्यायाने नखांनी ओरबाडणे, चपराक मारणे, शस्त्र चालविणे आणि आग लावणे हेही चालले पाहिजे, असा त्याचा बिनतोड सवाल आहे. सज्जनाने सत्य रक्षावे ते सत्य सांगून आणि असत्यातील दोष दाखवून. त्याला दुसरे हत्यार नाही. एकदा छलाला दार उघडले की ते दार कोठे बंद करायचे, ह्याचे उत्तर धर्मकीर्तीच्या प्रतिपक्षालाही सोपे नव्हते.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याच्या शिस्तीचे मोल किती, ह्याचा पुरावा बडोद्याने छापून ठेवला आहे. महाराज सयाजीरावांच्या राज्यात १९१६ पासून ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ ही प्राचीन ग्रंथांची माला निघू लागली. त्या मालेत १९२६ मध्ये आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित ह्याचा ‘तत्त्वसंग्रह’ त्याचा शिष्य कमलशील ह्याच्या टीकेसह प्रसिद्ध झाला. साडेतीन हजारांवर कारिकांच्या ह्या ग्रंथात इतर दर्शनांची मते एकेक घेऊन त्यांची परीक्षा केली आहे. परीक्षेपूर्वी प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच युक्तिवादांसह, पुष्कळदा त्याच्याच शब्दांत, दिले आहे. मीमांसक कुमारिल भट्ट हा बौद्धांचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याच्या नावावरच्या कितीतरी कारिका ह्या ग्रंथात आहेत. आणि त्यांपैकी ज्या त्याच्या उपलब्ध ग्रंथांत सापडत नाहीत, त्या त्याच्या नष्ट झालेल्या ‘बृहट्टीके’तील असाव्यात असे अभ्यासक मानतात. आपल्याच पक्षाच्या लोकांना जे जतन करता आले नाही, ते विरोधकाच्या उत्तरात जिवंत राहिले! आणि ह्या बौद्ध ग्रंथाच्या पोथ्या सांभाळल्या त्या पाटण आणि जेसलमेर येथील जैनांच्या ग्रंथभांडारांनी. वैदिकांचे म्हणणे बौद्धांनी नोंदवावे आणि बौद्धांचा ग्रंथ जैनांनी राखावा, असा हा तीन पक्षांचा ऋणानुबंध आहे.

त्याच मालेत १९४० मध्ये जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ निघाला. त्याचीही ताडपत्री पोथी पाटणच्या जैन भांडारातच मिळाली होती. जयराशी हा कोणताच सिद्धांत न मांडणारा, सर्वांची प्रमाणे मोडून काढणारा विचारवंत, म्हणजे शास्त्राच्या भाषेत वैतंडिकच. आत्मा आणि मोक्ष मानणाऱ्या जैन पंडितांनी त्याची पोथी शतकानुशतके जपली, कारण त्याला उत्तर द्यायचे तर तो काय म्हणतो हे हाताशी असणे त्यांना आवश्यक वाटले. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ मात्र कोणी जपले नाहीत. त्यांची मते आज मुख्यतः इतरांनी मांडलेल्या पूर्वपक्षांतूनच गोळा करावी लागतात. तेथे ज्याने प्रामाणिकपणे पूर्वपक्ष लिहिला, तो चार्वाकाचा अखेरचा साक्षीदार ठरला. आणि ज्याने तो वाकडा करून लिहिला, त्याने एका मताला कायमचे विद्रूप केले. उत्तर देणाऱ्याच्या हाती केवढी मोठी ठेव असते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, आणि जुन्या वादसभा मुंबईच्या रस्त्यांवर आणि पुस्तकांच्या पानांवर उतरल्या. १८३१ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन ह्यांच्याशी मुंबईत मोरभट दांडेकर ह्यांचा जाहीर वाद झाला आणि दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले. विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये इंग्रजीत त्याला उत्तर दिले. त्या उत्तराचे नाव हिंदुधर्माचे पितळ उघडे पाडणारे, भाषाही तशीच तिखट. परंतु त्या पुस्तकाच्या आरंभी त्यांनी मोरभटांच्या निबंधाचे भाषांतर जोडले होते. वाचकाने आधी प्रतिपक्षाचे संपूर्ण म्हणणे वाचावे आणि मग आपले उत्तर वाचावे, अशी ती योजना होती. गौतमाच्या अननुभाषणाच्या नियमातून सुटायचे तर ह्याहून अधिक काय करावे? त्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत सुरू झाले, आणि मराठी वाचकाला आपले मत छापून चारचौघांसमोर मांडण्याची नवी सोय हळूहळू कळू लागली. पुढे १८४८ पासून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त येऊ लागली, तेव्हा ह्या सोयीचे सामर्थ्य सर्वांना दिसले.

१८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी वाद करू लागले. दर आठवड्याला वाळूवर लोकांची दाटी होई. ह्या वादाची हकीकत त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन ह्यांनी इंग्रजीत छापली, आणि १८७२ मध्ये ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ ह्या नावाने ती मराठीतही आली. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात कडवटपणा होता, आणि कोणी कोणाला जिंकले हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरविले. तथापि किनाऱ्यावरची गर्दी पांगल्यानंतर राहिले ते कागदावर उतरलेले प्रश्न आणि उत्तरे. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्यांतील जयघोष कोणाला ऐकू येत नाहीत. प्रश्न मात्र अजून वाचता येतात.

वाद, जल्प, वितंडा, छल, पूर्वपक्ष, सिद्धांत हे सारे शब्द मराठीने वारशाने घेतले आहेत. भीमाचार्य झळकीकरांनी रचलेल्या आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून १९२८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे प्रसिद्ध झालेल्या ‘न्यायकोशा’त त्यांचे मूळ अर्थ आजही पाहायला मिळतात. पण शब्द कोशात राहतो तेवढ्याने रीत राहत नाही. ग्रामसभेत पाण्याच्या पाळीचा प्रश्न निघाला आणि उत्तरात विचारणाऱ्याच्या आजोबांची गोष्ट निघाली, की पाण्याची पाळी ठरायची राहून जाते. शाळेच्या समितीत खर्चाचा हिशेब मागितला आणि ‘तुमच्या वेळी काय झाले होते’ असे उत्तर आले, की मतानुज्ञा घडते आणि हिशेब बाकीच राहतो. वर्तमानपत्रातील पत्राला उत्तर लिहिताना मूळ पत्रातील एकच शब्द उचलून त्याची चेष्टा केली, की ते कांबळे नवे का जुने हे पुन्हा एकदा ठरत नाही.

काशीच्या राजाने विचारलेला प्रश्न साधा होता आणि त्याच्यापुढे बसलेले नऊही जण ज्ञानी होते. तरीही दहाव्याने मूळ प्रश्नाकडे परत जाईपर्यंत तो प्रश्न घाण्याभोवती फिरत राहिला. दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगणे, त्याने विचारले असेल त्यालाच उत्तर देणे, माहीत असेल तेवढेच बोलणे, आणि चूक दिसली की ती कबूल करून पुढे चालणे, ह्या चार गोष्टींसाठी पांडित्याची आवश्यकता नाही. थोडा धीर मात्र लागतो. तो ज्या घरात, ज्या गावात, ज्या सभेत आढळेल, तेथे ‘वाद’ ह्या शब्दाला त्याचा जुना मान परत मिळालेला दिसेल.